घोडं नेमकं कुठं अडलंय? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई नमस्कार. मी परळला राहते, बैलघोडा हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटांवर, आणि आजवर आमच्या घराचा घोड्याशी संबंध म्हणाल तर एवढाच. नवऱ्याचा थोडा जास्त, तो लग्नात घोड्यावर बसला होता. आमची मुलगी अकरा वर्षांची आहे, 2023 च्या एशियन गेम्सला आपल्या टीमला घोडेस्वारीत गोल्ड मिळालं त्याचे व्हिडिओ बघून बघून तिच्या डोक्यात हे शिरलं आणि मागच्या महिन्यात आम्ही रेसकोर्सला सकाळी चालायला गेलो तेव्हा तिनं घोडे जवळून बघितले, झालं, आता रोज एकच विषय. सासूबाई म्हणतात हाडं मोडून घेईल, नवरा म्हणतो हे पैसेवाल्यांचे चोचले, ऑफिसमधली मैत्रीण म्हणते डायरेक्ट क्लबची मेंबरशिपच घे, स्टेटस असतं. मला काहीच कळत नाहीये. आणि एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, मलापण शिकायचंय. मी एक्केचाळीसची आहे. हसू नका.
— परळची एक आई

उत्तर : हसत नाहीये हो, मी स्वतः अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा घोड्यावर बसले आणि पहिल्या दिवशी उतरल्यावर माझे पाय असे लटपटत होते की तिथल्या मोतद्दारानं, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्या माणसानं, मला घोड्याच्या आधी पाणी दिलं. तेव्हा तुमचं शेवटचं वाक्य मी सगळ्यात आधी घेते. शिका. लेकीबरोबरच शिका. लहान मुलं लवकर शिकतात हे खरं, त्यांना पडायची भीती कमी आणि अंग लवचिक, पण मोठ्या माणसाला सांगितलेलं डोक्यात बसतं, त्यामुळं फिट्टंफाट होते.

आता क्लब जॉईन करायचा का, तर माझं उत्तर आहे आत्ता नाही. शिकायला लागा, क्लबचं नंतर बघू. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या मैत्रिणीनं त्या एकात मिसळल्यात. मेंबरशिप म्हणजे त्या जागेशी केलेलं लग्न, एंट्री फी, वार्षिक वर्गणी, वर दर राईडचे पैसे वेगळे असा प्रकार असतो बऱ्याच ठिकाणी. शिकवणी म्हणजे दहा-बारा लेसनचं पॅकेज किंवा एक टर्म, पैसे भरा, शिका, नाही जमलं तर घरी या. पहिल्या दहा लेसनमध्ये अर्ध्या लोकांना कळून चुकतं की आपल्याला घोडा आवडत नव्हता, घोड्यावर बसलेला आपला फोटो आवडत होता. हे कळायला मेंबरशिप लागत नाही.

मुंबईत जागा कुठे म्हणाल तर पहिलं नाव महालक्ष्मीचंच येतं. रेसकोर्स 1883 चा, आणि तिथला अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब 1942 पासूनचा, म्हणजे तुम्ही चालायला गेलात तेव्हा बहुतेक त्यांचेच घोडे बघितले असतील. तुम्हाला परळहून ते जवळ पडेल हा केवढा मोठा फायदा आहे हे बोरिवलीच्या माणसाला विचारा. ठाण्याच्या पुढं, कर्जतच्या बाजूला वगैरे खाजगी फार्मवर पण शिकवतात, तिथं मोकळी जागा जास्त, पण जाण्यायेण्यात रविवार संपतो. आणि हो, महालक्ष्मीला चौकशी करताना जमिनीचंही विचारून घ्या, कारण 2024 मध्ये सरकारनं रेसकोर्सची 120 एकर जागा पार्कसाठी घ्यायचं ठरवलंय, तेव्हा पुढच्या दोन-तीन वर्षांत शिकवायचं ग्राऊंड कुठं असेल हा प्रश्न विचारण्यात गैर काही नाही.

पण फॉर्म भरायच्या आधी माझं एक काम करा. तीन दिवस, वेगवेगळ्या दिवशी, सकाळी सहा-साडेसहाला जिथं शिकायचा विचार आहे तिथं जाऊन नुसतं उभं राहा. लेसन बघू नका, लेसन संपल्यावर काय होतं ते बघा. खोगीर उतरवलं की घोड्याची पाठ बघा. खोगीर जिथं टेकतं तिथं, मानेच्या मागं जो उंचवटा असतो त्याच्या आजूबाजूला, काळ्या किंवा तपकिरी केसांत पांढऱ्या केसांचे डाग दिसतात का? ते जन्मजात नसतात. न बसणारं खोगीर दाबून दाबून जखम झाली की तिथली कातडी बरी होते पण नवीन केस पांढरे येतात. एखाद्या घोड्यावर एखादा जुना डाग असेल तर सोडून द्या, तो घोडा तिथं यायच्या आधीचाही असू शकतो, पण पाचातल्या चार पाठींवर डाग दिसले तर तुम्हाला त्या जागेबद्दल कुठल्याही ब्रोशरपेक्षा जास्त कळलं. मग घामाचं बघा. मधला कणा सोडून पाठीच्या दोन्ही बाजू सारख्या ओल्या पाहिजेत, मध्येच एक वाटीएवढा कोरडा ठिपका असला तर तिथं खोगीर दाबतंय. मग तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना घोड्याचा चेहरा बघा, कान मागं टाकून चावायला तोंड वळवत असेल तर त्याला दुखतंय किंवा आजवर कुणीतरी दुखवलंय.

हे मी एवढं लांबण लावून सांगतेय कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मुंबईबाहेरच्या एका ठिकाणी, नाव घेत नाही, मी सुरुवातीला तीन-चार महिने जात होते. शिकवणारा गोड बोलायचा, चहा मिळायचा, फोटो भरपूर. माझ्या वाट्याला एक भुरी घोडी यायची आणि ती खोगीर दिसलं की अंग चोरायची, मला वाटायचं आळशी आहे. चौथ्या महिन्यात ती दुडकीवरून, म्हणजे हळू पळता पळता, एकदम थांबली, मी तिच्या मानेवरून पुढं गेले आणि हेल्मेटचा पट्टा तुटला, कारण तो आधीच तुटका होता आणि कुणीतरी दोरीनं बांधून ठेवला होता. डोकं वाचलं, मनगट गेलं. सहा आठवडे प्लास्टर. नंतर कुणीतरी घोडीच्या पाठीवरचं कापड उचललं तर खाली ओली जखम. मला मनगटाचं वाईट वाटलं नाही, तिचं वाटलं. तर सासूबाईंना सांगा की हाडं मोडू शकतात हे बरोबर आहे, फक्त मोडतात ती बऱ्याचदा घोड्याच्या खोडीनं नाही, माणसाच्या हलगर्जीपणानं.

म्हणून हेल्मेट स्वतःचं घ्या, दोघींची दोन. घोडेस्वारीचंच घ्या, नवऱ्याचं बाईकचं नाही चालत, ते जड असतं आणि त्यातून बाजूचं दिसत नाही. एकदा जोरात आपटलं की बाहेरून चांगलं दिसलं तरी ते बाद, आतला थर एकदाच मार खातो. पायात स्पोर्ट्स शूज नकोत, अर्धा-पाऊण इंच टाच असलेले बंद बूट पाहिजेत, कारण सपाट बूट रिकिबीतून आरपार पुढं सरकतो आणि पडताना पाय अडकला तर घोडा तुम्हाला फरपटत नेतो. बाकी ते जोधपुरी ब्रीचेस, ग्लोव्ह्ज, उंच चामड्याचे बूट वगैरे पहिल्या टर्मला अजिबात घेऊ नका, साधी घट्ट लेगिंग किंवा स्ट्रेचवाली जीन्स चालते. आणि एक छोटं पण महत्त्वाचं, दोघींचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते बघून घ्या. घोड्याची लीद, तबेल्यातली माती ही धनुर्वाताच्या जंतूंची आवडती जागा आहे. मेडिक्लेमची पॉलिसी पण काढून वाचा, बऱ्याच पॉलिसींत अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्स वगळलेले असतात आणि क्लबवाले तर पहिल्याच दिवशी जबाबदारी आमची नाही अशा कागदावर सही घेतात. सही करा, पण वाचून.

आता खर्चाचं. तुमच्या नवऱ्याचं चोचले हे म्हणणं मी पूर्ण खोडणार नाही, गल्लीतल्या क्रिकेटपेक्षा हे महागच आहे, कारण बॅट खात नाही आणि घोडा सुट्टीच्या दिवशीपण खातो. जई, कोंडा, हरभरा, लसूणघास, वाळलं गवत, दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी आणि मुंबईच्या मे महिन्यात त्याहून जास्त, दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद, मोतद्दाराचा पगार, डॉक्टर. तेव्हा लेसन फार स्वस्त मिळत असेल तर खूश होऊ नका, ह्यातलं काहीतरी कापलं जातंय. हिशोब करताना मात्र लेसनच्या फीवर थांबू नका, दोघींचे बूट-हेल्मेट, येण्याजाण्याची टॅक्सी (एवढ्या सकाळी लेकीला घेऊन बूट घालून ट्रेनचा उत्साह दोन आठवडे टिकतो, मी अनुभवानं सांगते), आणि बुडालेल्या लेसनचे पैसे परत मिळतात की नाही हे धरा. शेवटचं नक्की विचारा. पावसाळ्यात आपल्याकडं ग्राऊंडचा चिखल होतो, लेसन रद्द होतात, म्हणून जूनमध्ये पॅकेज घेऊ नका, दसऱ्याच्या आसपास सुरू करा, पाऊस गेलेला असतो आणि थंडीचे चार महिने हातात असतात.

पैशापेक्षा जास्त महाग पडते ती सकाळ. मुंबईच्या दमट हवेत दहाच्या पुढं घोडा पळवणं हे घोड्यावर अन्याय आहे, काही घोड्यांचा तर ह्या हवेत घाम येणंच बंद होतं आणि मग अंग तापत जातं. त्यामुळं सगळा खेळ पहाटेचा नाहीतर सूर्य कलल्यावरचा. शाळा, क्लास, डबा, तुमचं ऑफिस, ह्यात आठवड्यातून दोन पहाटा निघतात का हे आधी कॅलेंडरवर लिहून बघा. आठवड्यातून एकदा गेलात तर दर वेळी पहिल्यापासून सुरू केल्यासारखं होतं, मांड्यांना आठवतच नाही.

लेकीच्या गोल्डबद्दल दोन शब्द. ते गोल्ड 26 सप्टेंबर 2023 ला हांगझोऊला मिळालं, ड्रेसाजच्या टीमला, घोडेस्वारीत भारताला 1982 नंतर, म्हणजे 41 वर्षांनी, आणि त्या चौघांत एक मुलगा मुंबईचा आहे. तिला हे सांगा, तिला आवडेल. पण हेही सांगा की ड्रेसाज म्हणजे उड्या आणि धावणं नाही, बघणाऱ्याला वाटतं घोडा आपोआप नाचतोय आणि वर बसलेला माणूस काहीच करत नाहीये, ते काहीच न करणं शिकायला त्यांना युरोपात वर्षं काढावी लागली. तिच्या पहिल्या महिन्यात काय होणार, तर एक माणूस लांब दोरी धरून मध्ये उभा राहणार आणि घोडा त्याच्याभोवती गोल गोल चालणार. लगाम तिच्या हातात देतीलच असं नाही, आणि दिला नाही तर ती चांगल्या शिक्षकाची खूण आहे, कारण नवीन माणूस तोल गेला की लगामाला लटकतो आणि लगामाचं दुसरं टोक कुणाच्या तरी तोंडात असतं. मग दुडकी येते. दुडकी दोन ठोक्यांची असते, टक-टक, टक-टक, एका ठोक्याला उठायचं, एकाला बसायचं. पंधरा दिवस ते जमत नाही, तुम्ही वर जाता तेव्हा घोडा खाली जातो आणि तुम्ही खाली येता तेव्हा तो वर येतो, कंबरेचं पार भजं होतं, आणि मग एक दिवस सकाळी अचानक जमतं, का ते कळत नाही. मला जमलं तेव्हा मी मोठ्यानं हसले होते आणि घोडा दचकला होता.

आणखी एक, मुंबईतल्या शिकवणीच्या घोड्यांत रेसमधून रिटायर झालेले बरेच असतात. वाईट नसतात, काही तर देवमाणूस असतात, पण त्यांचं आधीचं शिक्षण वेगळं असतं. रेसच्या घोड्याला लगाम ताणला की पळायचं असतं, आणि आपण घाबरलो की काय करतो, लगाम ओढतो! तेव्हा बिनधास्त विचारा की हा घोडा कुठून आला, शिकवणीला लागून किती दिवस झाले, आणि नवख्यांना कुठले घोडे देता. ह्यावर शिक्षकानं नाव घेऊन सांगितलं, की अमुक घोडी लहान मुलांसाठी, तमुक घोडा डावीकडे वळताना हट्ट करतो, तर समजा माणूस घोडे ओळखतो. सगळेच घोडे चांगले आहेत मॅडम, असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

एक टर्म करा दोघी. संपल्यावरही लेक पहाटे स्वतः उठत असेल आणि खरारा करायला, म्हणजे घोड्याचं अंग ब्रशनं घासायला, कंटाळत नसेल, तेव्हा मेंबरशिपचा फॉर्म मागवा. आणि नवऱ्याला एकदा बरोबर न्या, वरातीतला घोडा सोडून त्याला दुसरा घोडा माहीत नाही बिचाऱ्याला.

प्रश्न : मी मुलुंडचा, वय 59, पुढच्या वर्षी रिटायर होतोय. माथेरानला दर वर्षी जातो, दस्तुरीपासून घोडाच करतो, त्यामुळे घोड्यावर बसायची सवय आहे असं म्हणायला हरकत नाही. रायडिंग क्लब जॉईन करावा का? वजन 92 किलो, बीपीची गोळी चालू.
— एक काका

उत्तर : काका, माथेरानचं वाईट वाटून घेऊ नका, पण तिथं तुम्ही घोडा चालवत नाही, घोडेवाला चालवतो आणि घोडा रस्ता पाठ असल्यामुळं चालतो. तुम्ही प्रवासी असता. क्लबमध्ये गेल्यावर तुम्ही आणि ती परळची अकरा वर्षांची मुलगी एकाच इयत्तेत बसणार, ह्याची तयारी असेल तर वय आड येत नाही.

वजन मात्र येतं, आणि हे मी तुमच्यासाठी नाही, घोड्यासाठी सांगतेय. साधारण धरतात की घोड्यानं स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत ओझं घ्यावं, सगळं मिळून. साडेचारशे किलोचा घोडा धरला तर झाले 90 किलो, त्यात खोगीर, तुमचे बूट, हेल्मेट ह्यांचे आठ-दहा किलो गेले, उरले 80. शिवाय नवीन माणूस पाठीवर आदळतो, त्याचे 80 घोड्याला जास्तच वाटतात. तेव्हा दहा-बारा किलो कमी करा, रिटायर व्हायला वर्ष आहेच. काही ठिकाणी मोठ्या चणीचे घोडे असतात, फोनवरच खरं वजन सांगून विचारा, तिथं जाऊन काट्यावर उभं राहायला लागण्यापेक्षा ते बरं. बीपीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगा, कारण पडणं हे ह्या खेळात कधी ना कधी होतंच. दरम्यान रोज एका पायावर उभं राहून दात घासा, तोल येतो. हे विनोदानं नाही सांगत.

प्रश्न : मी वसईला राहतो, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घोडे प्रचंड आवडतात पण क्लबची फी मला ह्या जन्मात परवडणार नाही. काही मार्ग आहे का?
— एक विद्यार्थी

उत्तर : आहे ना, थोडा वाकडा आहे. एनसीसीमध्ये रिमाउंट अँड व्हेटर्नरी म्हणून एक शाखा असते, तिथं कॅडेटना घोडेस्वारी शिकवतात, तुमच्या कॉलेजच्या एनसीसी ऑफिसरना विचारा की जवळचं असं युनिट कुठलं आणि बाहेरच्या कॉलेजच्या मुलाला घेतात का. दुसरं म्हणजे कुठल्याही शिकवणीच्या ठिकाणी शनिवार-रविवारी मदतीला येतो म्हणून विचारायचं, सगळे हो म्हणत नाहीत, पण लीद उचलायला, खरारा करायला, लहान मुलांच्या घोड्याबरोबर चालायला हात कमीच असतात. पैसे नका मागू, राईडपण लगेच नका मागू. महिना-दीड महिना काम केलंत आणि मोतद्दाराशी जमलं की आपोआप कुणीतरी म्हणतं, चल बस आज. मोतद्दाराशी जमणं हे मॅनेजरशी जमण्यापेक्षा महत्त्वाचं, सगळी विद्या तिथं असते.

घोड्याच्या थेट मागून जाऊ नका, तिथलं त्याला दिसत नाही, आणि कपाळाच्या अगदी समोरचंपण नाही. खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जायचं. खिशात गूळ न्यायचा असेल तर आधी विचारा, कुणाचं पथ्य असतं, आणि द्यायचा तर तळहात एकदम सपाट, अंगठा चिकटवून. मी पहिल्यांदा चिमटीत धरून दिला होता, नख काळंनिळं झालेलं महिनाभर.